एकट्याची वारी

दर वर्षी ज्येष्ठ वद्यात दोन पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. त्या दोन दिवसांत पुणेकराचे पाय घरात ठरत नाहीत. कोणी केळी वाटतो, कोणी वारकऱ्यांचे पाय चेपतो, कोणी नुसताच रस्त्याच्या कडेला उभा राहून हात जोडतो. आम्ही दोघे सलग अकरा वर्षे माउलींच्या पालखीबरोबर सासवडपर्यंत चाललो. दिवे घाटाच्या वळणावर मागे पाहिले की माणसांची नदीच डोंगर चढून येताना दिसे, आणि आपणही तिच्यातलाच एक थेंब आहोत याचे फार बरे वाटे.

वारीचे एक सुख असे, की तिची तयारी वारकऱ्याला एकट्याने करावी लागत नाही. ती दिंडी करते. सामान ट्रकमधून पुढे जाते, मुक्कामाला तंबू उभे असतात, स्वयंपाकाची पातेली चढलेली असतात. पुढचा चालतो म्हणून आपण चालतो. पाय कुरकुरू लागले तर टाळांचा आवाज त्यांना गप्प करतो.

येत्या फेब्रुवारीत मी ज्या वाटेने चालायचे ठरवले आहे, तिथे दिंडी नाही. बिहारमधल्या राजगीरहून उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरपर्यंतची ही वाट. ऐंशीव्या वर्षी गौतम बुद्ध आपल्या शेवटच्या प्रवासाला निघाले ते याच बाजूने. राजगृहाहून नालंदा, मग पाटलिग्राम म्हणजे आजचे पाटणा, गंगा ओलांडून वैशाली, तिथून वायव्येला केसरियावरून कुशिनारा. आजच्या रस्त्यांनी अंतर तीनशे किलोमीटरहून थोडे अधिक भरते. वातानुकूलित बसगाड्यांतून जपान, थायलंड, श्रीलंकेचे यात्रेकरू ही ठिकाणे पाहून जातात. पण मधली वाट पायी तुडवणारा क्वचितच. उसाची आणि मोहरीची शेते, वीटभट्ट्या, केळीच्या बागा, आणि कोण कुठला म्हणून विचारणारी गावे. डिसेंबर-जानेवारीत तिकडे दाट धुके असते आणि मार्च उलटला की ऊन तापते, म्हणून मधला महिना धरला.

माझे वय ६७. बँकेतली नोकरी संपून सात वर्षे झाली. चालण्याची सवय आहे. गेले सहा महिने पहाटे वेताळ टेकडी आणि रविवारी सिंहगड असा सराव चालू आहे. आधी पाठीवर रिकामी पिशवी, मग तीन किलो, पाच किलो, आता सात. बूट अर्धा अंक मोठे घेतले, कारण दिवसभर चालल्यावर पाय सुजतो. मोज्यांच्या आत पातळ सुती मोजा घातला की फोड येत नाहीत, हे दोनदा फोड आल्यानंतर समजले. औषधे, मच्छरदाणी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, बॅटरी, कागदी नकाशा. शिवाय दोनशे पानी वही. त्या वहीत मी पंचवीस ओळी आखल्या होत्या. प्रत्येक दिवसाची तारीख, त्या दिवशीचे अंतर आणि रात्रीचा मुक्काम. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला शोभेल असे ते कोष्टक होते.

हे वेड माझ्या डोक्यात घातले ते धर्मानंद कोसंबी यांनी. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. महाविद्यालयात असताना मी ते वाचले होते आणि त्यातला साहसाचा भागच तेवढा लक्षात राहिला होता. तयारीच्या निमित्ताने ते पुन्हा हातात घेतले. या वेळी मात्र पुस्तकाने मला निराळ्याच जागी अडवले. ती जागा कोणती हे सांगायचे, तर आधी त्या माणसाचे आयुष्य थोडक्यात सांगायला हवे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. प्रकृती नाजूक, शाळा तुटक, आणि पुढे घरच्या नारळीच्या बागेची देखरेख. त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्नही लहानपणीच झाले. असा हा मुलगा खेड्यात बसून मराठी पुस्तके आणि मासिके मिळतील तशी वाचत होता. ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकात त्याला बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचायला मिळाले. त्या चार पानांनी त्याचे आयुष्य धरून ठेवले. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे, आणि त्यासाठी घर सोडायचे, असा तो निश्चय होता. त्या वेळी गोव्यातच काय, महाराष्ट्रातही पाली शिकवणारे कोणी सहज सापडण्यासारखे नव्हते. घर सोडण्याचे आधीचे प्रयत्न अर्ध्यावरच फसले. अखेर १८९९ च्या अखेरीला, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते निघाले. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक.

पहिला मुक्काम आपले पुणे. प्लेगने पोळलेले, पेठा ओस पडलेल्या, अशा दिवसांतले पुणे. इथे ना नातलग, ना खिशात पैसा, ना हातात प्रमाणपत्र. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे साहाय्य मिळाले आणि प्रार्थना समाजाचा आसरा. संस्कृताचे पहिले धडे इथे गिरवले. पण पुण्यात फार दिवस निघाले नाहीत. ग्वाल्हेरवरून ते काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून व्याकरण घोटायचे, असे दिवस काढले.

संस्कृत हाती आले, पण बुद्ध सापडत नव्हता. १९०२ च्या सुरुवातीला ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या मुलखात तरी त्याचा धर्म जिवंत असेल, ही आशा. ती तिथे पार मावळली. तिथून बुद्धगया. सिंहलद्वीपाला गेल्याशिवाय पाली ग्रंथ शिकायला मिळणार नाहीत, हे तिथे कळले. मग कलकत्ता आणि तिथून बोटीने श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांकडे ते पाली शिकू लागले आणि तिथेच श्रामणेर झाले. सिंहली भाषा येत नाही, तिथले जेवण मानवत नाही, प्रकृती साथ देत नाही. तरी अभ्यास सुटला नाही. पुढे मद्रास, आणि नंतर ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली.

१९०४ मध्ये ते हिंदुस्थानात परतले आणि बुद्धाच्या आयुष्याशी जोडलेल्या स्थळांच्या यात्रेला लागले. पुष्कळशी वाट पायी, अन्न भिक्षेचे. ही स्थळे तेव्हा कशी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या यात्रेचे एकटेपण कळते. कुशिनाऱ्याची वीस फुटी निद्रिस्त बुद्धमूर्ती मातीतून बाहेर काढली गेली ती १८७६-७७ च्या उत्खननात, म्हणजे धर्मानंद जन्मले त्या सुमाराला. लुंबिनीचा अशोकस्तंभ ओळखला गेला १८९६ मध्ये, त्यांच्या यात्रेच्या जेमतेम आठ वर्षे आधी. सारनाथचे चार सिंह, जे आज आपल्या प्रत्येक नोटेवर आहेत, ते १९०४-०५ च्या हंगामात जमिनीतून निघाले. नालंदा तर अजून टेकाडांखालीच होते. तिथले पद्धतशीर उत्खनन सुरू झाले ते आणखी दहा वर्षांनी. ज्या धर्माची ही तीर्थे, त्याचे अनुयायी आसपास जवळपास उरलेले नव्हते. पंढरीच्या वाटेवर गावोगाव वारकऱ्यांची वाट पाहिली जाते. या वाटेवर त्या पिवळ्या चीवरातल्या तरुण मराठी भिक्षूची वाट पाहणारे कोणी नव्हते.

भिक्षूच्या सामानाची यादी ठरलेली असते. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. या आठ वस्तूंपलीकडे काही बाळगायचे नाही. ही यादी वाचल्यावर मी माझी पिशवी पुन्हा जमिनीवर ओतली. मोजल्या तर एकंदर सेहेचाळीस वस्तू होत्या. त्यांतल्या एकोणीस काढून टाकल्या. सुई मात्र माझ्या यादीत नव्हती, ती घातली. कपडा फाटला तर नवा मिळेल, अशा सवयीत वाढलेल्या माणसाला सुई आठवत नाही.

सामान असे हलके होत होते, पण पुस्तक वाचताना मन जड होत चालले होते. ‘निवेदना’त अभ्यासाचा आणि प्रवासाचा तपशील भरपूर आहे. कोणत्या गावी काय खाल्ले, कोणी आसरा दिला, कोणी हाकलले, कुठे ताप आला, सारे सरळ, पदर न झाकता सांगितलेले. मागे राहिलेल्या घराविषयी मात्र त्या मानाने थोडे आहे. १८९९ ते १९०६, सुमारे सात वर्षे. तान्ही माणिक चालायला लागली, बोलायला लागली, सात वर्षांची झाली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या गोव्यातल्या खेड्यात, नवरा परागंदा झालेली बाई सात वर्षे काय काय ऐकत असेल, याचा अंदाज आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी ऐकलेल्या कोणालाही करता येईल. लुंबिनीच्या वाटेवर धर्मानंद एकटे होते, हे खरे. पण साखवाळच्या बाजूला बाळाबाईही एकट्याच होत्या, आणि त्यांचे एकटेपण त्यांनी निवडलेले नव्हते. त्यांनी मात्र काही लिहून ठेवलेले नाही.

हे मी वाचत होतो त्याच आठवड्यात आमच्या घरी एक प्रसंग घडला. तीन वर्षांपूर्वी सौ.च्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या. तेव्हापासून तिची सासवडची वारी बंद झाली. घरातल्या घरात ती नीट चालते, भाजी आणते, पण घाट चढणे आता नाही. मी बेत ठरवला तेव्हा तिला तो सांगितला, हे खरे. पण तो सगळा ठरल्यावर, बातमी सांगावी तसा सांगितला. तीही तेव्हा काही बोलली नाही. मग एका संध्याकाळी माझी वही टेबलावर उघडी होती. चष्मा लावून तिने ते पंचवीस ओळींचे कोष्टक शांतपणे वाचले आणि मला एवढेच विचारले, की या पंचवीस दिवसांत मी कुठे असेन ते यात सगळे आहे, पण ती कुठे असेल त्याचा रकाना कुठे आहे.

मला उत्तर देता आले नाही. चिडून विचारले असते तर मीही चिडून उत्तर दिले असते. तिने हिशेबातली चूक दाखवावी तसे दाखवले. आयुष्यभर दुसऱ्यांची खाती तपासणाऱ्या माणसाने एक आख्खी बाजूच लिहायची सोडली होती.

धर्मानंदांकडे वळतो, कारण त्यांचे आयुष्य तिथे थांबत नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते त्यांच्या उत्तरार्धातच आहे. १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवले. कलकत्त्याच्या राष्ट्रीय विद्यालयात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. गोव्याला जाऊन त्यांनी संसार पुन्हा हाती घेतला. ३१ जुलै १९०७ रोजी मुलगा झाला. तो दामोदर, म्हणजे पुढचे विख्यात गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. त्यानंतर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपयांची वृत्ती देऊ केली. महाराष्ट्रात राहून काम करावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे, एवढीच अट. कलकत्त्याच्या पगाराच्या मानाने ही रक्कम फारच थोडी. पण आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी लिहायचे म्हणून त्यांनी ती पत्करली. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक याच काळातले. मुंबई विद्यापीठात पाली हा विषय यावा म्हणून भांडारकरांच्या बरोबरीने त्यांनी खटपट केली आणि ती यशस्वी झाली.

१९१० मध्ये हार्वर्डहून बोलावणे आले. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम अर्धवट ठेवून १८९९ मध्ये जगाचा निरोप घेतला होता. ते काम पुरे करायला गोव्याचा, औपचारिक पदवी नसलेला हा माणूस अमेरिकेला गेला. संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे, यावरून प्राध्यापक लानमन यांच्याशी मतभेद झाले आणि ते परतले. १९१० ते १९३२ या काळात ते चार वेळा हार्वर्डला गेले. ग्रंथाची त्यांनी केलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये काढली. हार्वर्डची रोमन लिपीतली आवृत्ती निघाली १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी.

या दोन अमेरिकावाऱ्यांच्या मध्ये पुण्याची सहा वर्षे येतात. १९१२ ते १९१८ ते फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले पाली पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. सततच्या फिरतीनंतर संसाराला काही वर्षांचे स्थैर्य मिळाले ते इथे. आजही फर्ग्युसनच्या मागची टेकडी चढताना मला वाटते, की ज्या पुण्याने त्यांना १८९९ मध्ये जेमतेम आसरा दिला, तिथे बारा-तेरा वर्षांनी ते गुरुजी म्हणून परत आले, आणि या वेळी एकटे आले नाहीत. १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेला जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर यांना बरोबर नेले. ज्या मुलीला तान्ही सोडून ते एकदा निघाले होते, तिला घेऊन ते समुद्रापार गेले. हे त्यांनी भरपाई म्हणून केले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण दोन प्रवासांतला हा फरक नजरेआड करता येत नाही.

पुढे अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ झाले, रशियात लेनिनग्राड झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास झाला. १९३७ मध्ये मुंबईला परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला. आणि १९४०-४१ मध्ये ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मोठा ग्रंथ आला. मी ज्या जागी अडलो असे वर म्हटले, ती गाठ या ग्रंथात सुटते.

सिद्धार्थाच्या गृहत्यागाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये. मग मध्यरात्री निजलेल्या यशोधरेकडे आणि राहुलकडे शेवटचे पाहून, छन्न सारथ्याला उठवून, कंथक घोड्यावरून गुपचूप निघून जाणे. चित्रकारांना आणि नाटककारांना ही रात्र फार प्रिय. धर्मानंदांनी जुन्यात जुने पाली ग्रंथ समोर ठेवून दाखवले, की ही रात्र त्यांत नाही. चार दृश्यांची कथा विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रातून इकडे आणून चिकटवलेली. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात गृहत्यागाचे वर्णन अगदी साधे आहे. तरुणपणी, केस काळेभोर असताना, आईवडील रडत असताना त्यांच्यादेखत मुंडन करून आणि काषाय वस्त्रे नेसून तो घराबाहेर पडला. कारणही नुसते वार्धक्य-मरण नव्हते. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेले भांडण आणि शस्त्रे उगारलेली माणसे पाहून आलेली उद्विग्नता होती, असा त्यांचा निष्कर्ष. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच्या पाण्याचा हाच तंटा आहे.

या विवेचनाकडे विद्वान मंडळी अर्थातच ग्रंथांच्या कालक्रमाचा प्रश्न म्हणून पाहतात. ते योग्यच आहे. पण लिहिणारा कोण होता, तेही मी विसरू शकत नाही. स्वतः तेविसाव्या वर्षी बायको-मूल मागे ठेवून निघालेला माणूस, साठी उलटल्यावर, आपल्या दैवताच्या चरित्रातून ती चोरट्या पावलांची मध्यरात्र काढून टाकतो. सिद्धार्थ गेला, हे बदलत नाही. घरचे रडले, हेही बदलत नाही. उलट त्यांचे रडणे आता गोष्टीच्या मधोमध येते. बदलते ते इतकेच, की जाणारा त्या अश्रूंसमोर उभा राहिला. कोणी निजलेले असताना तो गेला नाही.

एकट्याने वाट चालण्याची तयारी म्हणजे काय, याचे उत्तर मला इथे मिळाले. बूट, मोजे, गोळ्या, नकाशा हे सारे लागतेच; त्यात हयगय करणारा पहिल्या तीन दिवसांतच परत येतो. पण ती तयारी स्वतःच्या पायांची झाली. आपण निघाल्यावर ज्या घरातून एक माणूस कमी होणार, त्या घरासमोर बसून बोलणे ही दुसरी तयारी, आणि ती अवघड. परवानगी मिळेलच असे नाही. सिद्धार्थालाही ती मिळाल्याचे त्या जुन्या सुत्तात कुठे म्हटलेले नाही.

धर्मानंदांचा शेवटचा प्रवास त्यांनी असाच उघडपणे केला. शरीर व्याधींनी थकले होते, अंगाची खाज झोपू देत नव्हती, हातून काम होत नव्हते. दुसऱ्यांवर भार होऊन जगायचे नाही असे ठरवून त्यांनी १९४६ मध्ये अन्न सोडायला सुरुवात केली, तेव्हा गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. त्यांनी ऐकले. पण पुढच्या वर्षी सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न वर्ज्य केले आणि सुमारे महिनाभराने, ४ जून १९४७ रोजी, ते गेले. स्वातंत्र्य सव्वादोन महिन्यांवर होते. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांच्याविषयी आदराने सांगितले. या मरणाविषयी माझे मन आजही निःशंक नाही. जवळच्यांना त्याचे काय वाटले असेल, हा प्रश्न तिथेही उरतोच. पण लपूनछपून त्यांनी तेही केले नाही.

मुलगा दामोदर पुढे पुण्याचाच झाला. भांडारकर संस्थेच्या मागच्या बाजूला राहून, हातात काठी घेऊन त्याने आसपासच्या टेकड्या आणि कार्ल्याच्या जुन्या वाटा पायांखाली घातल्या आणि त्यातून इतिहास लिहिला. नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचे लेखन इंग्रजीत नेले; त्या २०१५ मध्ये गेल्या. चालण्याची आणि मुळापर्यंत जाण्याची ही घराण्याची खोड तीन पिढ्या टिकली. बाळाबाईंविषयी मात्र आपल्या हाती फार थोडे आहे, आणि ‘निवेदन’ वाचणाऱ्याने ती रिकामी जागा रिकामी म्हणूनच वाचावी, असे मला वाटते.

आमच्या घरी काय झाले ते सांगून थांबतो. सौ.च्या त्या प्रश्नानंतर दोन दिवस मी वही बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी ती उघडली, पट्टी घेऊन उजव्या बाजूला आणखी एक रकाना आखला आणि वही तिच्यापुढे ठेवली. मग आम्ही बोललो. बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो तसे. मी जाऊच नये, असे तिला वाटते का, हे मी प्रथमच विचारले. वाटते, असे तिने स्पष्ट सांगितले. या वयात, परक्या मुलखात, एकट्याने कशासाठी, हा तिचा प्रश्न आहे आणि त्याचे पटेल असे उत्तर माझ्याकडे नाही. शिवाय दिवे घाटातून ती माझ्याबरोबर चालली त्या अकरा वर्षांनंतर, तिचे गुडघे थांबले तेव्हा मी नवी वाट शोधली, हे तिला लागले आहे, तेही बाहेर आले. ते ऐकून घेणे सिंहगड चढण्यापेक्षा जड गेले.

मी जाणार आहे. तिला ते आवडलेले नाही, आणि मी तिला पटवल्याचा आव आणणार नाही. पंचवीस दिवसांचे मी एकवीस केले. पाटणा ते हाजीपूर आणि आणखी एक कंटाळवाणा टप्पा बसने जाईन. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचलो की फोन करायचा, आणि ताप आला तर हट्ट न करता परतायचे, हे दोन्ही तिने माझ्याकडून कबूल करून घेतले.

तिचा रकाना तिने स्वतःच भरला. काही दिवस साताऱ्याला बहिणीकडे, दोन दिवस मुलाकडे, एक दिवस डॉक्टरांकडे गुडघे दाखवायला. मधल्या आठ दिवसांसमोर तिने नुसते घर एवढेच लिहिले आहे. त्या दिवसांत सोबतीला कोणाला बोलावू का, असे मी विचारले, तर नको म्हणाली. तिलाही थोडे एकटे राहून पाहायचे आहे.

काल संध्याकाळी पाटण्याचे तिकीट काढले. राजेंद्रनगर, पाटणा किंवा दानापूर, ज्या स्थानकाला गाडी सोयीची त्या स्थानकाचे घ्या, असे तिने आतूनच सांगितले. गाडी कोणतीही असो, ती सकाळची असावी, म्हणजे तिला स्टेशनवर पोचवायला येता येईल.